राणीछाप

राज्य कोणाचे, हे रयतेला पूर्वी दोन ठिकाणी कळत असे : मशिदीतील खुतब्यात कोणाचे नाव घेतले जाते ते ऐकून आणि हातातील नाण्यावर कोणाचे नाव आहे ते पाहून. यांपैकी दुसरी साक्ष आपल्याकडे फारशी भरवशाची नव्हती. पेशवाईतला अंकुशी रुपया मराठ्यांच्या अमलात पडे, त्यावर अंकुशाची खूण असे, आणि तरीही त्यावरील मोडकीतोडकी फारसी अक्षरे दिल्लीच्या बादशहाच्याच नावाची द्वाही फिरवीत. कंपनी सरकारने हीच रीत उचलली. शहा आलम बादशहाचे डोळे १७८८ साली गुलाम कादिराने काढले, १८०३ साली दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली, १८०६ साली बादशहा वारला. परंतु मुंबई इलाख्यातील सुरती रुपयावर त्याच्या कारकिर्दीचे सेहेचाळिसावे वर्ष त्यानंतरही कित्येक वर्षे सरले नाही. मेलेल्या धन्याच्या नावाने जिवंत व्यापार चालविण्यात कंपनीच्या मुत्सद्द्यांना वावगे काही वाटले नाही. सराफाच्या पेढीवर नव्या नावाला बट्टा बसतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

हा बट्टा म्हणजे त्या काळच्या गरिबाचा कायमचा जाच. बाजारात चांदवडी चाले, अंकुशी चाले, सुरती चाले, निजामाच्या हद्दीलगत तिकडचा रुपया चाले. धान्य एका रुपयात विकावे, पट्टी दुसऱ्या रुपयात भरावी आणि मधला फरक सराफाने पोटात घालावा, असा हा व्यवहार होता. १८३५ साली कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला : वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग चांदी, आणि तोंडावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम. जेथे आजवर केवळ अक्षरे होती तेथे एकाएकी माणसाचा चेहरा आला. १८४० पासून विल्यमच्या जागी त्याची पुतणी व्हिक्टोरिया बसली; आणि १८५७ चा वणवा विझून कंपनीचे राज्य संपल्यावर, १८६२ च्या नाण्यापासून पाठीवरचे कंपनीचे नावही गेले. हाच आपल्या लोकांचा राणीछाप. मौज अशी की, या नाण्यावरही १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत कोरले जात राहिले, कारण नाणे जुने दिसले की सराफ पुन्हा बट्टा मागणार! शहा आलमचे वर्ष ज्या कारणाने थिजले होते, त्याच कारणाने राणीचेही थिजले.

राणी हिंदुस्थानात कधी आली नाही. तिचा १८५८ चा जाहीरनामा गावोगाव वाचला गेला खरा, पण दुसऱ्या दिवशी तो कितीजणांच्या स्मरणात राहिला असेल कोण जाणे. तिची ओळख पटली ती या चांदीच्या चकतीवरूनच. वाफेच्या यंत्रावर पडलेले, काठाला बारीक दाते असलेले हे कलदार नाणे कानस लावून किंवा कातरून चोरता येत नसे. दगडावर टाकले की खणकन वाजे. आणि वजन बरोबर एक तोळा असल्यामुळे सोनाराच्या तराजूत तेच माप होऊन बसे. ऐंशी रुपये एका पारड्यात टाकले की दुसऱ्यात पक्का शेर. १८७७ च्या पहिल्या जानेवारीस लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून तिला ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून पुकारले, दख्खनेत दुष्काळाने माणसे मरत असताना पुकारले. नाण्यावर ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ हा शब्द आला. आपल्या लोकांनी तिला बढती दिली नाही. ती राणीच राहिली.

त्या दुष्काळात शेतकऱ्यांच्या घरचे गोठ, तोडे, वाळे मोडीत निघून मुंबईच्या टांकसाळीत येत होते आणि त्यांचे रुपये पडून बाहेर जात होते, कारण चांदी आणि रुपया या दोहोंत तोपर्यंत वजनाचेच काय ते नाते होते. हे नाते १८९३ साली तुटले. युरोपातील राष्ट्रे सोन्याच्या चलनाकडे वळल्याने चांदी घसरली. एके काळी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया सव्वा शिलिंगावर येऊन ठेपला. आणि विलायतेस दरसाल पाठवावयाचा खर्च, म्हणजे तिथल्या कचेरीचा, निवृत्तिवेतनांचा, कर्जाच्या व्याजाचा, सोन्यात चुकवावा लागत असल्याने सरकारला घाम फुटला. उपाय काय, तर टांकसाळीची दारे खाजगी चांदीला बंद. रुपया पुढे एक शिलिंग चार पेन्सांवर आणून बसविला. घरातल्या चांदीचा भाव मात्र पडतच गेला. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा तेच तोडे घेऊन निघालेल्या कुणब्याला टांकसाळ मिटलेली होती. त्याला सराफ देईल तो भाव, आणि सरकारचा सारा मात्र त्या महागलेल्या रुपयातच. राणीच्या मुखवट्याला चांदीहून अधिक किंमत आली ती अशी. त्या काळच्या इंग्रजी अहवालांत हा निर्णय मोठ्या शास्त्रशुद्ध चर्चेने मांडलेला आढळतो. मला त्यात कोठेतरी तो तोडा दिसावा असे नेहमी वाटते, तो दिसत नाही.

पुढच्या राजांचे रुपये झाले, पण त्यांचा थाट निराळा. सातव्या एडवर्डाच्या नाण्यावर त्याचे डोके बोडके, मुकुटावाचून. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला, त्यावर राजाच्या झग्यावरील माळेत जो हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. गिलबिला माजेल या धास्तीने सरकारने ती नाणी मागे घेऊन वितळविली आणि पुढल्या साली हत्तीची सोंड नीट काढून दिली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४१ पासून राणीचे रुपये चलनातून बाद झाले. बाद झाले आणि नाहीसे झाले : कोणी कोनाड्यात, कोणी चुलीमागे पुरून, कोणी गड्डीच्या गड्डी कापडात बांधून ठेवले.

आमच्या आजोळी असे अकरा होते. लक्ष्मीपूजनाला ते चिंच लावून घासायचे आणि पाटावरच्या तांदळावर ओळीने मांडायचे, हे काम मुलांचे. सारे एकाच तोंडवळ्याचे. राणी ऐंशी वर्षांची झाली तरी रुपयावरची तिची वेणी आणि कोवळा गळा तसाच ठेवलेला. तिचा नवरा आल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला, म्हणजे यांतल्या सगळ्यांत जुन्या रुपयावर १८६२ हे साल पडले त्या वेळी ती विधवा होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मामी एकेका रुपयाला, कपाळ नेमके पाहून, हळद आणि मग कुंकू लावी. आजी लाल आलवणात, उंबऱ्याच्या अलीकडे बसलेली असे. पूजेच्या वस्तूंना तिने हात लावायचा नसे. तिथूनच ती रुपये मोजी, आणि दहा भरले तर मुलांच्या खिशांकडे बघे.