प्रज्योत थरनिर्मिती

विजेच्या प्रज्योतीने (आर्कने) धातूची तार वितळवून, थरावर थर चढवत वस्तू घडवण्याची पद्धत. उद्योगात ‘वायर-आर्क’ हे नाव रूढ आहे. वेल्डिंगच्या दुकानात झिजलेला शाफ्ट ‘भरून’ पुन्हा टर्न मारतात; त्याचेच हे पुढचे रूप. फरक एवढाच, की येथे सगळा भागच भरणाचा असतो.

इतिहास : अमेरिकेत राल्फ बेकर यांना या कल्पनेचे पेटंट १९२५ मध्ये मिळाले, त्यांच्या डोळ्यांसमोर शोभेच्या वस्तू होत्या.

प्रकार : मिग-मॅगमध्ये तार हाच इलेक्ट्रोड असतो. भरण वेगाने होते. पोलादाचे तासाला काही किलो चढते. टिग आणि प्लाझ्मात प्रज्योत टंगस्टनच्या टोकाशी पेटते व तार बाजूने सोडतात. टायटॅनियमवर मिगची प्रज्योत भटकते, म्हणून तेथे हे दोन प्रकार पत्करतात. सीएमटीत (कोल्ड मेटल ट्रान्सफर) प्रत्येक थेंबाला तार मागे ओढली जाते. त्यामुळे उष्णता कमी लागते.

उष्णता : खरी अडचण हीच. पहिल्या थराची धग खालची जाड प्लेट शोषते. वरच्या थरांची धग मात्र अरुंद भिंतीतूनच उतरते. करंट तोच ठेवला तर भरणाची रेघ पसरते, कडा ढासळते. त्यामुळे दोन थरांमध्ये थांबावे लागते. आकुंचनाने जॉब ओढला जातो, तो वेगळाच.

आयआयटी मुंबईचे काम : के. पी. करुणाकरन आणि सहकाऱ्यांनी मिग-मॅग टॉर्च सीएनसी (संगणकनियंत्रित) मिलिंग यंत्रावरच बसवून ‘हायब्रिड लेयर्ड मॅन्युफॅक्चरिंग’ विकसित केले (शोधनिबंध २००६, २०१०). यंत्र जुनेच वापरायचे, हा त्यातला काटकसरी विचार. थर चढला की कटर वरचा खडबडीतपणा आणि ऑक्साइड काढतो; पुढच्या थराला सपाट बैठक मिळते आणि उंचीचा हिशेब चुकत नाही. शेवटी त्याच मांडणीत बाह्य आकाराला अंतिम कट देतात. साचे हे मुख्य लक्ष्य होते. रेघेचा छेद पॅराबोला धरला, तर तिचे क्षेत्रफळ रुंदी व उंचीच्या गुणाकाराच्या दोन तृतीयांश भरते. म्हणून शेजारच्या रेघा रुंदीच्या दोन तृतीयांश अंतरावर ओढल्या की मधली दरी हिशेबाने बुजते. प्रत्यक्षात पहिली रेघ थंड प्लेटवर पडते आणि वेगळी वागते. दर थर छाटण्यात वेळ व धातू जातो, हा आक्षेप रास्त आहे. साच्यासाठी मात्र हाच मार्ग शहाणपणाचा.

उदाहरणे : रॉटरडॅममध्ये घडवलेला जहाजाचा कांस्य पंखा (२०१७), ॲम्स्टरडॅममध्ये २०२१ मध्ये बसवलेला सुमारे १२ मीटरचा स्टेनलेस स्टीलचा पादचारी पूल.

ॲल्युमिनियम : हायड्रोजनमुळे छिद्रे राहतात.

हिंगोली जिल्हा : पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर वसमत भागात ऊस वाढला, पूर्णा सहकारी साखर कारखाना तेथलाच. अशा साखर कारखान्यांतही प्रज्योतीने धातू चढवतात : मिलच्या ओतीव लोखंडी रोलरांचे दाते हंगामात घासून गुळगुळीत होतात, रोलर घसरतो आणि ऊस आत ओढला जात नाही. मग वेल्डर दातांवर कठीण इलेक्ट्रोडचे ठिपके चढवतो. याला ‘आर्किंग’ म्हणतात. ते अनेकदा मिल चालू असताना, रस गळत असतानाच करतात. अर्थिंगची केबल चुकीच्या जागी लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याला इजा होते. कोशांत या कामाला जागा मिळत नाही, परंतु ओतीव लोखंडावर थर चिकटवण्याचे कसब येथेच पाहावे.