परक्या निशाणाखाली आपले वैमानिक

जो सैनिक स्वदेशाच्या निशाणाखाली लढतो, त्याची नोंद कोणी करावयाची हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु जो दुसऱ्या राष्ट्राच्या हवाई दलात, त्याच्याच गणवेशात व त्याच्याच विमानात बसून लढला आणि पडला, त्याचे नाव कोणाच्या वहीत लिहावे? शाळेत पहिल्या महायुद्धाचा पाठ चालू असता विद्यार्थी हाच प्रश्न आपल्या साध्या शब्दांत विचारीत, "गुरुजी, मग तो आपला की इंग्रजांचा?" या प्रश्नाचा विचार एका मुंबईकर तरुणाच्या हकिकतीच्या आधाराने करावा, असा या लेखाचा उद्देश आहे. त्या तरुणाचे नाव लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर.

त्याची कामगिरी समजण्यासाठी तत्कालीन स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९१४ साली युद्ध पेटले आणि हिंदी शिपाई लक्षावधींच्या संख्येने फ्रान्स, मेसोपोटेमिया व पूर्व आफ्रिका येथे लढू लागले. मुंबई बंदर व देवळालीची छावणी यांच्या मधल्या लोहमार्गावर आपली इगतपुरी वसलेली असल्यामुळे थळघाट चढून जाणाऱ्या लष्करी गाड्या या गावाला नवीन नव्हत्या. परंतु शिपाई होणे वेगळे आणि अधिकारी होणे वेगळे. ज्यास किंग्ज कमिशन म्हणत, ती बादशाही सनद वैद्यकीय खाते सोडल्यास हिंदी माणसास मिळत नसे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ती प्रथम दिली गेली, तीही अवघ्या नऊ जणांना. लढाऊ विमानाचा वैमानिक हा बहुधा अधिकारीच असे. तेव्हा हे दार हिंदी तरुणास जवळजवळ बंदच होते.

ते कसे उघडले याची कथा मोठी उद्बोधक आहे. ऑक्सफर्ड येथे शिकणारा हरदित सिंग मलिक हा शीख तरुण प्रथम फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवीत होता. ब्रिटिश विमानदलात शिरकाव होईना, म्हणून त्याने फ्रेंच विमानदलाकडे विचारणा केली आणि फ्रेंच त्यास घेण्यास तयार झाले. हे कळताच त्याच्या ऑक्सफर्डच्या गुरूने जनरल हेंडरसन यांस लिहिले की, ब्रिटिश प्रजाजनास परराष्ट्राच्या दलात जावे लागावे ही लाजिरवाणी गोष्ट होय. पत्र लागू पडले आणि १९१७ साली मलिक रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. त्याने पगडी सोडली नाही. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्याने करवून घेतले. परक्याच्या दलात जावे, पण आपली ओळख गहाण टाकू नये, हा धडा त्यात आहे.

याच काळात मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर, केंब्रिजच्या जीझस कॉलेजचा विद्यार्थी, वैमानिक झाला. १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल फ्लाइंग कोअर व नाविक विमानदल एकत्र करून रॉयल एअर फोर्स स्थापन झाले. वेलिणकर त्याच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवीत असे. या विमानाची रचना चमत्कारिक होती. वरचा पंख मागे सारलेला असल्यामुळे वैमानिकाचे डोके पंखाच्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे आकाश चहूकडे स्वच्छ दिसे, पण जमिनीवर उतरताना विमान उलटले तर प्रथम आघात डोक्यावरच होण्याचे भय असे. त्यात ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्र्या दिल्या जात नसत. विमान पेटले तर त्याबरोबर खाली येण्यावाचून गत्यंतर नव्हते. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेला वेलिणकर परतला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती सापडला व ३० जून रोजी निवर्तला. त्याचे वय २३ वर्षांचे होते.

त्याच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनी कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय पडला. चाळिसाव्या स्क्वाड्रनच्या या वैमानिकाने जुलै महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदविले आणि २२ जुलै रोजी, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्याचे विमान पेटून कोसळले. मरणोत्तर त्यास डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. चौथा एरॉल सेन. तो १९१७ च्या सप्टेंबरात शत्रूच्या हाती लागला व युद्ध संपेपर्यंत बंदिवासात राहिला. चौघांपैकी दोघे फ्रान्सच्या मातीत विसावले.

या दोन थडग्यांतील भेद विचार करण्याजोगा आहे. इंद्रलालच्या शिळेवर त्याच्या मातृभाषेतील, बंगालीतील, ओळी कोरलेल्या आहेत. हांगार येथील वेलिणकरच्या शिळेवर जी इंग्रजी ओळ आहे, तिचा आशय असा की, साम्राज्याच्या अत्यंत शूर सुपुत्रांपैकी एकाच्या सन्मानार्थ हे स्मारक. ती आदरानेच लिहिली आहे, यात शंका नाही. परंतु तीत ना मुंबईचे नाव, ना हिंदुस्थानचे. ज्या साम्राज्याने त्यास आपला पुत्र म्हटले, त्याच साम्राज्याच्या बंदुका त्याच्या मृत्यूस वर्ष लोटण्याआधी, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर चालल्या.

मग या तरुणांचे बलिदान व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. हिंदी माणूस लढाऊ विमान चालवू शकतो की नाही, हा वाद त्यांनी कृतीने मिटविला होता. पुढे हिंदी तरुणांना क्रॅनवेल येथील विमानविद्यालयात प्रवेश मिळू लागला, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी चार वापिती विमानांनिशी कराचीस पहिली तुकडी उभी राहिली. त्या तुकडीच्या वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते. इंद्रलाल रॉय त्यांचे मामा.

दुसऱ्या महायुद्धात हाच मार्ग रुंदावला. १९४० साली २४ हिंदी वैमानिक ब्रिटनला रॉयल एअर फोर्सकडे पाठविण्यात आले; त्यांपैकी महिंदर सिंग पुजी २०१० सालापर्यंत हयात होते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर नाव मिळविलेले करुण कृष्ण मजुमदार १९४४ साली रॉयल एअर फोर्सशी जोडले जाऊन फ्रान्सवर उडाले. दोन्ही आघाड्यांवर सन्मान मिळवून परतलेल्या या वीरास १९४५ च्या फेब्रुवारीत लाहोर येथे विमान कोसळून मरण आले.

स्वातंत्र्यानंतर चक्र उलटे फिरले. आपल्या हवाई दलाचे पहिले तीन प्रमुख, एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन व गिब्ज, हे ब्रिटनकडून काही काळापुरते घेतलेले अधिकारी होते. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी यांनी सूत्रे घेतली आणि हे उसनेपण संपले. १९४८ च्या काश्मीर मोहिमेत महावीरचक्र मिळविणारे हृषिकेश मुळगावकर १९७६ साली त्याच पदावर आरूढ झाले. आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला. ती मिग-२१ विमाने चालविण्याची विद्याही आपल्या वैमानिकांनी सोविएत देशात जाऊनच संपादन केली होती. ते विमान सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले. विद्या परक्याकडून घ्यावी आणि घरी आणून रुजवावी, ही परंपरा त्या चौघांपासूनची आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. मलिक पुढे १९४९ ते १९५६ या काळात फ्रान्समध्ये स्वतंत्र भारताचे राजदूत होते. ज्या भूमीवर ते परक्या निशाणाखाली उडाले, तेथेच ते आपले निशाण घेऊन गेले. वेलिणकरला ते भाग्य लाभले नाही. तो जगता, तर त्याचा जबाब त्यानेच दिला असता. तो गेला, म्हणून तो आपण द्यावयाचा. विमान इंग्रजांचे होते, सनद इंग्रजांची होती, पण प्राण मुंबईच्या तरुणाचे होते. विमान व सनद यांचा हिशेब लंडनने ठेवला आहे. प्राणांचा हिशेब ठेवणे हे आपले काम.

यास्तव ज्ञातिबांधवांना एवढीच विनंती आहे. आपापल्या घरांत ट्रंकांच्या तळाशी लष्करातील वडीलधाऱ्यांची पत्रे, छायाचित्रे, पदके असतील. ती काढून नाव, गाव, पलटण व साल स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी असाच प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर देण्यास कोणी तरी असले पाहिजे.