शब्दवेध : बायरिखियाची थैली

‘बायरिखिया’ हे एका जीवाश्म ऑस्ट्रॅकॉडचे, म्हणजे दोन झडपांच्या शिंपल्यात राहणाऱ्या इवल्या कवचधारी प्राण्याचे, नाव फ्रेडरिक मॅकॉय यांनी १८४६ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक हाइन्रिख अर्न्स्ट बायरिख यांच्या गौरवार्थ दिले. प्राण्याविषयी ते काहीच सांगत नाही. बोलका शब्द आहे तो तिच्या शिंपल्याच्या एका भागाचा : क्रुमिना. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पैशांची थैली. सिल्युरियन समुद्रातल्या या ऑस्ट्रॅकॉडच्या दोन झडपा सरळ बिजागरीने जोडलेल्या, त्यांच्यावर खाचांनी विलग झालेले तीन उंचवटे. आणि काही शिंपल्यांवर पुढे खालच्या अंगाला गोल फुगवटा. तीच क्रुमिना.

फुगवट्याचे आणि बिनफुगवट्याचे शिंपले दोन वेगळ्या जातींचे का मानू नयेत, हा आक्षेप रास्तच आहे. पण दोन्ही एकाच थरात सापडतात, बाकीची ठेवण जुळते, फुगवटा पूर्ण वाढीनंतरच दिसतो आणि काही थैल्यांत पिलांची इवली कवचेही मिळाली आहेत. म्हणजे फुगवट्याचा शिंपला मादीचा. निव्वळ कवचावर विसंबणे धोक्याचे, हेही खरे : ब्रॅडोरिइड नावाचे दोन झडपांचे प्राचीन जीव एकेकाळी ऑस्ट्रॅकॉडच समजले जात, चीनमधल्या जीवाश्मांत त्यांचे पाय दिसले आणि ते या गटातून बाहेर पडले. क्रुमिना मात्र निव्वळ आकार नव्हे, प्रजननाची रचना आहे. म्हणून बायरिखियाच्या बायरिखिइडी कुळाची ओळख तिच्यावर बेतणे मला सयुक्तिक वाटते.