अंतराळ जालातील मार्गनिर्धारण
भूस्थानके, उपग्रह, परिभ्रमक आणि दूरची याने यांच्या जालातून माहिती कोणत्या वाटेने व केव्हा पुढे धाडायची, हे ठरविण्याची पद्धत. यातला ‘केव्हा’ हाच कळीचा भाग आहे.

इंटरनेटवरील टीसीपी हा नियमसंच पाठविलेल्या माहितीची पोच मागतो; ती लवकर न आल्यास माहिती हरवली असे धरतो. मंगळापर्यंत पोहोचायला रेडिओ लहरींना सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. परिभ्रमक ग्रहाआड गेला की संपर्क तुटतो, आणि दर सुमारे २६ महिन्यांनी सूर्य मध्ये आला की जवळजवळ दोन आठवडे आज्ञा पाठविणेच थांबते. उगमापासून मुक्कामापर्यंतची सलग वाट पुष्कळदा एकाही क्षणी उघडी नसते.

या अडचणीवर नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९९८ पासून व्हिंट सर्फ, एड्रियन हूक प्रभृतींनी काम सुरू केले. त्यातून विलंब-सहिष्णु जाल (डीटीएन) घडले. यात माहितीचे ‘बंडल’ मधल्या प्रत्येक टप्प्यावर साठवून ठेवतात आणि पुढचा दुवा जुळला की धाडतात. बंडल नियमसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सातवी आवृत्ती २०२२ ची.

वाट निवडण्याचे काम स्कॉट बर्ली यांनी विकसित केलेली संपर्क-आलेख पद्धत करते. कक्षा गणिताने आधीच ठाऊक असल्याने कोणाचा कोणाशी, कधीपासून कधीपर्यंत, किती वेगाने संपर्क होईल याची यादी तयार ठेवता येते. एस.टी.च्या वेळापत्रकासारखी ही यादी चाळून डाइक्स्ट्रा यांच्या रीतीने सर्वांत लवकर पोहोचविणारी वाट काढतात. समजा, रोव्हरच्या माथ्यावर आता असलेल्या परिभ्रमकाला पृथ्वी तीन तासांनी दिसणार आहे. दुसरा तासाभराने येईल, पण लगेच पृथ्वीशी बोलू शकेल. मग थांबणेच शहाणपणाचे. मात्र एखादा अँटेना बिघडला, की कागदावरचा संपर्क प्रत्यक्षात घडत नाही आणि गणित पुन्हा मांडावे लागते.

पृथ्वीजवळ चित्र निराळे असते. इरिडियम या दूरसंचार जालाचे ६६ उपग्रह ६ कक्षाप्रतलांत फिरतात. प्रत्येक उपग्रह आपल्या प्रतलातील पुढच्या-मागच्या आणि शेजारच्या प्रतलांतील उपग्रहांशी जोडलेला असतो. शेजारचे प्रतल उलट दिशेने जाते तिथे मात्र हे दुवे ठेवलेले नाहीत. चंद्रावरील चांद्रयान-३ मोहिमेत (२०२३) प्रज्ञान रोव्हर फक्त विक्रम या लँडरशी बोलत असे. विक्रमला बेंगळुरूजवळच्या ब्यालालू स्थानकाशी थेट संपर्काची सोय होती, शिवाय चांद्रयान-२ च्या परिभ्रमकाची पर्यायी वाटही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २००८ मध्ये डीप इम्पॅक्ट यानाला मंगळाचा परिभ्रमक मानून डीटीएनची चाचणी झाली. तेव्हा ते सुमारे ३.२ कोटी किमी दूर होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ही सेवा २०१६ मध्ये आली. ग्रहांतरांसाठी योजलेले हे तंत्र नासाच्या प्रत्यक्ष मोहिमेत प्रथम रुजले ते मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या, पृथ्वीभोवतीच फिरणाऱ्या पेस उपग्रहावर. तिथे विलंब नगण्य असला तरी भूस्थानकाशी संपर्क तुटकच असतो.