चादर : तंबूपासून कफनापर्यंत

‘चादर’ हा शब्द आपल्या घरात इतका रुळलाय की तो बाहेरून आलाय हे लक्षातच येत नाही. शब्द फारसी आहे. इराणात त्याचा उच्चार ‘चादोर’ होतो आणि अर्थ दोन : बायका डोक्यावरून घेतात ते वस्त्र, आणि तंबू. तंबूत राहणाऱ्या भटक्यांना तिथे ‘चादोरनशीन’ म्हणतात. फारसीतलाच ‘चादोरशब’ (शब म्हणजे रात्र) तुर्कीत जाऊन ‘चारशाफ’ झाला. तुर्कस्तानात पलंगावर अंथरायची चादर म्हणजे चारशाफ, आणि बायकांचं अंगभर पांघरायचं काळं वस्त्रही चारशाफच.

इराणी चादोर म्हणजे अर्धवर्तुळाकार कापड. पारंपरिक चादोरला बाह्या नाहीत, बटणं नाहीत. पुढून हाताने धरायची. चेहरा उघडाच असतो, त्यामुळे तिला बुरखा म्हणणं बरोबर नाही. 1936 मध्ये रझा शाहने ती बंद केली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून ओढून काढत. 1979 च्या क्रांतीनंतर उलट डोकं झाकायची सक्ती आली.

आता मुद्द्याचं. ‘कुरआनात चादर लिहिलीय’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कुरआन अरबीत आहे, त्यात हा फारसी शब्द कसा असेल? सूरह अहजाबच्या 59 व्या आयतीत ‘जलाबीब’ आहे, म्हणजे जिलबाबचं अनेकवचन. सूरह नूरच्या 31 व्या आयतीत ‘खुमुर’ आहे, खिमारचं अनेकवचन. उर्दू तर्जुम्यांत पहिल्याला बहुतेक वेळा ‘चादर’ आणि दुसऱ्याला ‘ओढणी’ किंवा ‘दुपट्टा’ लिहितात. कपडा कसा असावा यावर घरात वाद होतो, मुलींना बोललं जातं, तेव्हा निदान मूळ शब्द तरी माहीत हवा. पुढचं आलिमांना विचारावं.

मराठीत चादर अंथरुणावर जास्त रमली. सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकन आहे. दर्ग्यावर चढवतात तीही चादरच. गंमत म्हणजे उर्दूत पाय पसरायचे ते चादर बघून, मराठीत अंथरूण बघून.

कफनातलं सर्वांत बाहेरचं कापडही आपण चादरच म्हणतो. फिकहच्या किताबांत त्याचं नाव ‘लिफाफा’, म्हणजे गुंडाळायची वस्तू. पत्राचा लिफाफा तो हाच शब्द. बाईच्या कफनात त्याशिवाय इजार, कमीस, सीनाबंद आणि ओढणी असते, आणि त्या ओढणीचं नाव खिमार.