चेंडूचें जाळें

सपाट कापड चेंडूवर बसवूं गेल्यास त्याला सुरकुत्या पडतात. बारीक विणीचें जाळें मात्र चेंडूला नीट लपेटून बसतें. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’त हीच उपमा योजिली आहे. वर्तुळाचें क्षेत्रफळ चौपट केलें असतां, चेंडूभोंवतींच्या जाळ्याप्रमाणें गोलाला वेढणारें पृष्ठफळ मिळतें.

इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या ह्या ज्योतिर्विदानें आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगितलें आहे. तें बीड होय, असेंही कांहीं संशोधकांनीं मानलें आहे. वयाच्या ३६ व्या वर्षीं रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’वरील स्वतःच्याच भाष्यांत त्यांनीं ह्या सूत्राची उपपत्तिही दिली. मातीचा वा लांकडाचा गोल करावा, आवळ्यावर असतात तशा रेषांनीं त्याच्या ९६ फोडी कल्पाव्या आणि प्रत्येक फोड आडव्या रेषांनीं विभागावी. टोंकाशीं त्रिकोण होतात, मध्यें चतुर्भुज. त्या सर्वांची बेरीज म्हणजे परिधि गुणिले व्यास. घनफळासाठीं गोल हा मध्याशीं टोंकें जुळलेल्या असंख्य सुयांचा मानावा.

आज संगणकाच्या पडद्यावर गोल जवळजवळ असाच घडतो. त्या यंत्रापाशीं असतात ते केवळ बिंदु व त्यांस जोडणारे त्रिकोण. त्रिकोणच कां? तीन बिंदु नेहमीं एका पातळींत राहतात. चौथा वरखालीं जाऊं शकतो. म्हणून घनाकृतीच्या ६ बाजूंचे १२ त्रिकोण होतात. आठ त्रिकोणांची अष्टफलक आकृति घ्यावी, प्रत्येकाचे चार करावे, नवे बिंदु मध्यापासून त्रिज्येइतके दूर सारावे. ३२, १२८, ५१२ असें करीत गोल साकार होतो. उरलेल्या कडा लपविण्यासाठीं कोपऱ्यांवरील प्रकाश त्रिकोणभर क्रमानें पसरविण्याची रीत हेन्री गुरो यांनीं १९७१ मध्यें प्रसिद्ध केली.

एवढ्यावरून भास्कराचार्यांच्या पदरीं संगणक बांधणें हा पोकळ अभिमान होईल. त्यांस माप हवें होतें, यंत्रास चित्र हवें असतें. परंतु वक्राला सपाट तुकड्यांनीं गांठावें, हा विचार दोहोंकडे एकच आहे.

चाळीसगांवजवळ पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला; १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तो पाठ केव्हांच थांबला. सूत्र मात्र शाळेंत आजही घोकलें जातें. तें घोकणाऱ्या मुलानें ‘असें कां?’ म्हणून विचारल्यास त्याच्या हातीं एक आवळा द्यावा; आचार्यांची खरी ठेव ह्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.