पहिल्या सागरसफरीचा हिशेब : भिवंडीची खाडी ते बसरूर

१/ भिवंडी म्हटले की आज यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांसमोर येतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र इथल्या खाडीकाठी सुतारांच्या तासण्यांचा आवाज घुमत होता. पहिल्यांदा क्रूझवर निघणारा आज तिकीट, हंगाम आणि परतीचा दिवस यांचा हिशेब मांडतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पहिल्या सागरी मोहिमेचा असाच हिशेब मांडून पाहू.

२/ ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि घाटावरच्या राज्याला समुद्राचे दार उघडले. समुद्र समोर होता, पण त्यावर सत्ता इतरांची होती. दंडा-राजपुरीला सिद्दी, वसईला पोर्तुगीज. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय व्यापारी जहाजांची धडगत नसे.

३/ खर्चाची पहिली बाब : नौका. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात नोंद आहे की शहाजीराजांचा पुत्र भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे युद्धनौका बांधत आहे, तेव्हा सावध राहावे. जागेची निवड अचूक होती. मागे सागाची जंगले, पुढे भरती-ओहोटीची सुरक्षित खाडी.

४/ दुसरी बाब : कसबी माणसे. लाकूड आपले, पण युद्धनौका बांधण्याचा अनुभव आपल्याकडे नव्हता. म्हणून रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीजास कामावर घेतले. वसईच्या अधिकाऱ्यांनी त्याचे मन वळवले आणि तो सहकाऱ्यांसह काम सोडून निघून गेला. उसन्या कौशल्याची किंमत तेव्हा कळली. तरीही बांधणी थांबली नाही.

५/ तिसरी बाब : पैसा आणि तळ. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेची लूट झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आरमाराला हक्काचे घर मिळाले.

६/ चौथी बाब : हंगाम. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद असतो. फेब्रुवारीत तो शांत, आणि उत्तरेकडचा वारा दक्षिणेला जाणाऱ्यास अनुकूल. ८ फेब्रुवारी १६६५ रोजी महाराज स्वतः मालवणहून निघाले. सोबत ८५ लहान युद्धनौका आणि ३ मोठी जहाजे. लक्ष्य होते केळदीच्या नायकांचे संपन्न बंदर बसरूर, आजच्या उडुपी जिल्ह्यातले.

७/ समुद्रातून हल्ला येईल, हे बसरूरच्या ध्यानीमनीही नव्हते. शहर लुटले गेले. परतीच्या वाटेवर महाराज गोकर्णास उतरले आणि तीर्थस्नान केले. तेथून बहुतेक आरमार परत पाठवून, सैन्याला नद्या ओलांडण्यापुरत्या १२ नौका ठेवून, ते खुष्कीने कारवारकडे वळले. तिथे खंडणी वसूल झाली. इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या वाट्याचे ११२ पौंड भरले.

८/ जमेची बाजू भक्कम दिसते. पण एक खर्च कोणत्याच वहीत आधी मांडता येत नाही, तो म्हणजे वेळ. महाराज दक्षिणेत असताना मिर्झाराजे जयसिंग प्रचंड मोगल फौजेसह येत होते. ३ मार्च १६६५ रोजी ते पुण्यात पोहोचले. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले द्यावे लागले.

९/ म्हणून ती सफर तोट्याची ठरते का? उरलेल्या १२ किल्ल्यांनिशी स्वराज्य उभे राहिले आणि सिंधुदुर्गाचे बांधकामही १६६७ मध्ये पुरे झाले. घाटावरची फौज समुद्रमार्गे जाऊन दूरच्या बंदरावर उतरू शकते, हे सिद्ध झाले होते. ती कमाई कोणत्याही तहात देऊन टाकता येणारी नव्हती.

१०/ कधी भिवंडीच्या खाडीवरून जाणे झाले, तर ट्रकांच्या रांगांवरून नजर काढून क्षणभर त्या गढूळ पाण्याकडे पाहा. स्वराज्याच्या आरमाराचा पहिला खर्च इथल्या काठावर पडला होता.